टिल्लूचं माप

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, आमच्या शिवणाच्या खोलीत.

मी कपडे शिवते. मशीन आईचंच. तिची नजर गेली, तेव्हापासून मी बसते.

लहानपणी मला एक मित्र होता, टिल्लू. तो फक्त मलाच दिसायचा. मी एकुलती एक. शाळेतून आले की मशीनखाली बसून आमच्या गप्पा. आईने कधी वेड्यात काढलं नाही. उलट उरलेल्या कापडातून त्याला शर्ट शिवला. खाली भरपूर दुमड ठेवली.

"वाढत्या अंगाचा आहे गं, उसवून मोठा करता येईल," म्हणाली.

मग मी मोठी झाले. टिल्लू दिसेनासा झाला. शर्ट खुंटीवरच राहिला. मैत्रिणीही एकेक करून पांगल्या. आता बोलायला फक्त गिऱ्हाईक. तेही कंबर किती, बाही किती, एवढंच.

त्या दुपारी मशीन बंद होतं. आई आत पडली होती.

टक्...

टाका तुटल्याचा आवाज. तो मला झोपेतही कळतो.

टक्... टक्...

वळून पाहिलं. कुणी नाही.

पण टिल्लूच्या शर्टाची दुमड उसवलेली होती. आतली पट्टी अजून निळीशार.

"आई, तू उसवलंस?"

"मला सुईत दोरा ओवता येईना, मी कसली उसवतेय!"

घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं. खरंच सांगते.

काही दिवसांनी बाह्या उसवल्या. मग बाजूच्या शिवणी. मी कामात असताना त्याच्याशी बोलायला लागले. "जेवलास का रे?" उत्तर यायचं नाही.

नुसतंच... टक्.

शेवटी उसवायला काही उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी. शर्ट माझ्या मशीनवर होता... नीट घडी घातलेला. लोक पोरांचे लहान झालेले कपडे आणून ठेवतात ना, तसा.

आईने हाताने चाचपून पाहिला.

"आखूड झाला असेल त्याला. पोरं काय तेवढीच राहतात?"

मी लगेच मोठा शर्ट शिवला. चांगल्या बाप्याच्या मापाचा. माप अंदाजानेच, दुसरं काय करणार? खाली वीतभर दुमड सोडली. खुंटीवर लावला.

मशीन थांबवून ऐकत बसते...

काही नाही.

वर्ष होत आलं. एक टाका तुटलेला नाही.

परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, हा विकायचाय का?"

"नाही हो, माझ्या मित्राचा आहे."

"मग नेत का नाही?"

गिऱ्हाईक गेल्यावर मी आईला हाक मारून बाहेर बोलावलं, माझ्याजवळ बसवलं. आता त्या खोलीत एकटीला भीती वाटते. आधी, टाके तुटत होते तेव्हा, कधी वाटली नव्हती.