पाणी पाजलेली कट्यार

राज्य नवं झालं होतं. वरपक्ष मात्र जुनाच होता. साखरखेर्ड्याच्या उकंडराव लोहारानं, नवरदेवाच्या बापानं, अट घातली: नवरदेवाच्या कमरेला कट्यार सासऱ्याच्या हातची, आणि पात्यावर जौहर, म्हणजे पोलादातच उमटलेल्या लहरी. नाहीतर वरात माघारी.

सुलतानपूरचा इंद्रभान लोहार घण मारून मारून वैतागला. मऊ लोखंड, कडक पोलाद, घडीवर घडी. कानस मारून लिंबू चोळलं की पातं भाकरीसारखं कोरं.

"भाकरीवर निदान डाग तरी पडतात," बायको रुक्मिणीबाई म्हणाली.

पोरीला, कोकिळेला, हळद लागायची वेळ आली. शेजारचा भाऊराव म्हणाला, "पाणी कोणतं पाजतं बे? लोणारच्या तळ्याचं पाज. खारं पाणी, कडक माल."

पोलादाला वाहतं पाणी पाजायचं, साचलेलं नाही, असं बाप सांगून गेला होता. पण बापाला असा व्याही नव्हता. इंद्रभाननं घागरभर पाणी आणलं आणि लालभडक पातं त्यात बुडवलं.

लिंबू चोळताच नक्षी उमटली. पण लहरी नव्हत्याच. मधोमध एक मोठं वर्तुळ, भोवती आणखी वर्तुळं. पाण्यात काही पडल्यासारखी.

"म्हैस पडली का काय यात?" रुक्मिणीबाईनं विचारलं.

दुपारी भाऊरावची म्हैस विहिरीत पडून मेली.

इंद्रभाननं चिडून पातं घासलं, पुन्हा लिंबू चोळलं. आता वर्तुळ लहान होतं.

"आता बकरी," तो हसला.

संध्याकाळी तानाबाईचं करडू हौदात तरंगताना सापडलं. मग तो हसला नाही.

लग्नाच्या सकाळी मात्र पात्यावर नुसत्या आडव्या लहरी होत्या. संथ, सुरेख. उकंडरावनं पातं उन्हात फिरवलं. "याले म्हणतात जौहर, इवाईबुवा!"

"ही राहू द्या," इंद्रभान म्हणाला. "दुसरी देतो. यात जे दिसते ते बुडते."

"मंग माह्ये भाऊबंद दाखव ना त्यात!"

मांडव खदखदला. कट्यार नवरदेवाच्या कमरेला गेली.

अंतरपाट दूर झाला. हार घालायला नवरदेव वाकला, तसं पातं म्यानातून बोटभर वर सरकलं.

त्यावर शेजारी शेजारी दोन लहान वर्तुळं. एकमेकांना टेकलेली. अजून मोठी होत असलेली.

इंद्रभान गर्दी लोटत पुढं झाला. वर कोरडं ठणठणीत ऊन होतं.

"बाबा," कोकिळा हळूच म्हणाली, "माह्ये केस ओले काऊन झाले?"