मम्मी, हलू नकोस

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो, पण क्षितिजा आजही दुपार झाली की लेकीची हनुवटी निरखून बघते.

मागच्या वर्षीचा मे महिना. पापडीला, चर्चच्या मागच्या गल्लीत, अँजेलिना आंटींच्या घराच्या माडीवर क्षितिजा, सुमेध आणि पाच वर्षांची आर्या भाड्याने राहायला आले. सुमेध सकाळीच मुंबईला जायचा. क्षितिजाचं ऑफिस घरूनच. दुपारी मीटिंग असली की आर्या खाली, आंटींकडे.

आंटी एकट्याच. मुलगा फेबियन बाईकच्या अपघातात गेला होता. पॅरिस, लंडन, फ्लॉरेन्स... जगातल्या मोठमोठ्या आर्ट स्कूलचे फोटो त्याने भिंतीवर चिकटवले होते. प्रवेशासाठी चित्रं पाठवायची होती. सगळी तयार होती. एकच राहिलं होतं, आईला समोर बसवून काढायचं.

खिडकीपाशी त्याचा चित्राचा स्टँड तसाच उभा होता. त्यावर कोरा कागद. समोर वेताची खुर्ची.

त्या दिवशी मीटिंग लवकर संपली. क्षितिजा जिना उतरली.

खाली आर्या असून घर इतकं शांत...

मग आवाज आला.

खर्र... खर्र...

कागदावर कोळशाची कांडी ओढावी तसा.

खुर्चीत आर्या बसली होती. दोन घास खायलाही एका जागी न बसणारी पोर, पापणीसुद्धा हलवत नव्हती.

स्टँडपाशी कोणीच नव्हतं.

क्षितिजाने तिला उचललं. आवाज थांबला.

"काय गं मम्मा, हलवलंस ना मला. आता दादा परत पहिल्यापासून काढणार."

तिच्या हनुवटीवर दोन काळे डाग होते... एक अंगठ्याचा, एक बोटाचा. कोणीतरी तोंड उजेडाकडे वळवावं तसे.

आंटी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात सरबताचा पेला होता.

"तुला पण ऐकू आलं?"

"आंटी, कोण आहे इथे?"

"माझा फेबियन. रोज येतो. मी बसते त्याच्यासमोर." आंटी खाली बघत म्हणाल्या, "आवाज हलका झाला की समजायचं, चित्र होत आलं. मग मी मान हलवते. मुद्दाम. पुरं झालं तर जाईल ना गं तो. जिवंत होता तेव्हापण ओरडायचा, मम्मी, हलू नकोस, तुझ्यापायी माझी सीट जाईल."

"आणि माझी आर्या?"

"देवाशपथ, तिला मी नाही बसवली. मी हलते, म्हणून त्याने तिला बसवली."



रात्री सुमेध म्हणाला, "घुशी असतील गं. जुनं घर आहे."

दुसऱ्या दिवशी क्षितिजाने आर्याला खाली पाठवलंच नाही. फोन आला म्हणून ती आत गेली. परत आली तर...

आर्या खिडकीत बसलेली. हनुवटी वर. डोळे स्थिर.

खर्र... खर्र...

आता माडीवर.

क्षितिजा पोरीला छातीशी धरून खाली धावली. "आंटी, तो वर आला."

आंटींनी केस विंचरले. कानात सोन्याच्या रिंगा घातल्या. खुर्चीत बसल्या.

"दार लोट, बाय. आणि तिला घेऊन बाहेर थांब."

आवाज सुरू झाला. बराच वेळ चालला. मग हलका झाला... आणखी हलका...

आता हलतील, क्षितिजाला वाटलं. तिने फटीतून पाहिलं.

आंटींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. मान तसूभर हलली नाही.

आवाज थांबला.

फू... कागदावरची भुकटी कोणीतरी फुंकली.

मग काहीच नाही.

कागद कोराच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आंटींनी जिन्यातून हाक मारली. "क्षितिजा, आज मी हलले गं. कितीतरी वेळा हलले."

क्षितिजा वरच उभी राहिली.

"कोणी नाही ओरडलं."

आर्या आता पुन्हा खाली जाते. जेवताना धिंगाणा घालते. क्षितिजाला तेवढंच हवं असतं.

पण परवा चहा घेऊन ती खाली गेली, तर आंटींच्या हनुवटीवर दोन काळे डाग होते. तिने पुसायला ओढणीचं टोक पुढे केलं. आंटींनी तिचा हात धरला.

"राहू दे."

ते डाग कोणी उमटवले, हे क्षितिजाने विचारलं नाही.