हाकेकडे नाही, झाडाकडे

फोनवर चैती रडत होती आणि त्याच वेळी अंगणात चैती मोहफुलं वाळत घालत होती.

हे कसं शक्य आहे, असं तुम्हाला वाटेल. आबाजींनाही वाटलं, पण जरा उशिरा. चैती शेजारच्या काकूंबरोबर तालुक्याला गेली असेल, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे फोनवरची चैती हुंदके देत बोलू लागली तेव्हा त्यांना शंकाच आली नाही. "आबाजी, मला परवान्याच्या ऑफिसात अडवून ठेवलंय. माझा फोनपण काढून घेतला. आईचा तळावरचा नंबर द्या ना, लवकर!" नातीचा आवाज असा फाटलेला ऐकल्यावर कोणत्या आजोबाचं डोकं ठिकाणावर राहील? त्यांनी नंबर सांगून टाकला. फोन बंद झाला. मग सहज खिडकीतून नजर गेली, तर चैती चटईवर फुलं पसरत गुणगुणत होती.

आबाजींनी फोन पुन्हा कानाला लावला. तो बंदच होता.

आता आबाजी म्हणजे कुणी साधासुधा माणूस नव्हे. डॉक्टर श्रावण गेडाम. पक्ष्यांचे आवाज ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. चंद्रपूरच्या जंगलाला लागून असलेल्या भिवटोल्यात राहून त्यांनी रानातला प्रत्येक चिवचिवाट टिपून ठेवला होता. डोळे मिटून नुसत्या शिळेवरून ते पक्षी ओळखत. आणि आज स्वतःच्या नातीचा आवाज ओळखताना पार फसले होते.

"हुप्प्या!" त्यांनी घोगऱ्या आवाजात हाक मारली.

हुप्प्या हा त्यांचा यंत्रमानव. तीन पायांचा, माकडाएवढा. रानात झाडोझाडी बसवलेले कान त्याला जोडलेले होते, आणि वाघ जवळ आला की तो वानरासारखा हुप्प करून गावाला जागं करी. आताही फोनवरचं सगळं त्याने ऐकलं होतं.

"आवाज तपासला," हुप्प्या म्हणाला. "ध्वनिठसा (बोटाच्या ठशासारखी आवाजाची खूण) चैतीचाच आहे. फोनवर चैती होती."

"अन् मग अंगणात कोण आहे रे, लेका?"

हुप्प्याने अंगणाकडे कान वळवला. चैती गुणगुणत होती. "तीही चैती," तो म्हणाला.

एव्हाना चैती आत आली होती. आबाजींचा चेहरा पाहून तिच्या हातातलं सूप निसटलं. सगळं ऐकल्यावर हे कुठून आलं असेल ते तिला एका क्षणात उमगलं.

"आबाजी," ती पुटपुटली, "माझा आवाज मीच देऊन बसले."

चैतीची आई, रत्ना, चंद्रावर होती. कौमुदी तळावर बर्फ वितळवून पाणी काढायच्या कामाची ती प्रमुख. बाबा चैती लहान असतानाच वारले होते, त्यामुळे आई आणि आबाजींवाचून तिला कुणी नव्हतं. या वर्षी प्रथमच तळावरच्या लोकांच्या मुलांना चंद्रावर भेटीला जाता येणार होतं. त्यासाठी सरकारचा चंद्रप्रवास परवाना हवा. चैतीला धीर कसला! आबाजी रानात गेलेले असताना तिने हुप्प्याशी जोडलेल्या टॅबला "चंद्रप्रवास परवाना" एवढंच सांगितलं आणि जी वेबसाइट सगळ्यात वर आली तिच्यात शिरली.

"काय काय विचारलं त्यात?" आबाजींनी विचारलं.

"नाव, गाव, माझा आणि तुमचा फोन नंबर, आईचं काम. मग चेहरा सगळ्या बाजूंनी दाखवायला सांगितला. मग वाचायला वाक्यं दिली. मग म्हणाले, हसून दाखवा. रडून दाखवा. आणि मग..." चैतीने खाली पडलेलं सूप उचलून उराशी धरलं. "मग म्हणाले, आईला नेहमी मारता तशी हाक मारा. मी मारली."

बाहेर ऊन रणरणत होतं, तरी दोघांच्या अंगावर काटा आला.

"आता ते आईला फोन करतील," चैती म्हणाली. "माझ्या आवाजात."

आबाजींनी मान हलवली. त्याहून पुढचं बोलायला त्यांची जीभ रेटत नव्हती, पण चैतीला ते ठाऊकच होतं. आईकडे तळाची चावी होती. लोखंडी चावी नव्हे, एक गुप्त संकेत (फक्त आपल्यालाच माहीत असलेली शब्दांची खूण). त्या संकेतावर तळाची हवा चाले, पाणी चाले, दारं उघडत आणि बंद होत. तो चोराच्या हाती लागला, तर तिथल्या सगळ्यांचा श्वास त्याच्या मुठीत जाणार होता. आईचासुद्धा.

चैतीने आईचा नंबर लावला.

"आपण ज्यांना फोन करत आहात, त्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत," फोन शांतपणे म्हणाला.

"ती बोलतेय त्यांच्याशी!" चैती किंचाळली. तिने परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावणार, तोच तिच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर अक्षरं होती: कौमुदी तळ, रत्ना. आईचा हसरा फोटोसुद्धा होता.

चैती फोन उचलणार एवढ्यात आबाजींनी तिचं मनगट धरलं.

"नको उचलू."

"आबाजी, आई आहे!"

"आई असंल. नसंल बी. नाव अन् फोटो कोणाचाही लावता येते, पोरी. मघाशी मी तुझ्याच आवाजाला भुललो ना?"

फोन वाजत राहिला. आई अडचणीत असेल आणि आपण उचलत नाही, हा विचार चैतीला सहन होईना. ती रडत आबाजींचा हात ओढत होती. वाजून वाजून फोन थांबला. 

"मोहफुलं वेचताना बाया काय करतात?" आबाजींनी हळूच विचारलं.

भिवटोल्यातल्या शेंबड्या पोरालाही याचं उत्तर ठाऊक होतं. पहाटे बाया फुलं वेचायला रानात पांगतात, तेव्हा आधी एक झाड ठरवतात. ते ठरावाचं झाड. कुणाची हाक आली तर हाकेच्या दिशेने जायचं नाही. धावत ठरावाच्या झाडाखाली यायचं आणि जिने हाक मारली तिनेही तिथंच यायचं. रानात हाक कुणाचीही असते. भृंगराज (शेपटीला दोन लांब तारा असलेला काळा पक्षी) तर दुसऱ्यांच्या धोक्याच्या हाकेची हुबेहूब नक्कल करतो. बाकीचे पक्षी घाबरून पळाले, की त्यांनी सोडलेले किडे हा आरामात खातो.

"हाकेकडे नाही, झाडाकडे," चैती म्हणाली.

"हां. अन् आपलं झाड कुठं आहे?"

चैतीने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या वर, भिंतीवर गेरूने लिहिलेली एक ओळ होती. चंद्रावर जायच्या आदल्या दिवशी आईने स्टुलावर चढून ती लिहिली होती: कौमुदी तळाच्या सरकारी वेबसाइटचा पत्ता. खाली लिहिलं होतं, ‘हे आपलं झाड.’ रोज दिसून दिसून चैतीला ती ओळ दिसेनाशी झाली होती.

तिने टॅब घेतला. कुणालाही काही शोधायला न सांगता, भिंतीकडे पाहत, तो पत्ता एकेक अक्षर स्वतः टाकला. आप्तसंवाद (तळावरच्या माणसांशी घरच्यांनी बोलायची सोय) नावाचं दालन उघडलं. दोन रिकाम्या चौकटी. एकीत चैतीचा रडवेला चेहरा आला. दुसरी काळीच राहिली.

"आई नाहीये," ती म्हणाली.

"थांबू," आबाजी म्हणाले. तेही घाबरलेच होते, पण गप्प बसलो तर पोर खचेल म्हणून ते बोलू लागले. "हुप्प्या, पोरीनं अर्ज केला तो पत्ता सांग बरं."

"चंद्रपरवाना डॉट गव्ह डॉट इन डॉट अर्जसेवा डॉट ऑनलाइन," हुप्प्या म्हणाला. "वर कुलपाचं चित्रही होतं. म्हणून मी सुरक्षित समजलो."

"पत्त्यात सरकारचं नाव होतं ना?" चैती म्हणाली.

"होतं, पण कुठं? पत्रावर लिहिलं, मुक्काम राष्ट्रपती भवन, पोस्ट भिवटोला, जिल्हा चंद्रपूर. पत्र कुठं येईल?"

"इथंच."

"येईल ना! पोस्टमन शेवट पाहते. वेबसाइटचंही तसंच आहे. पत्त्याचा शेवट, अन् पुढं तिरकी रेघ असली तर पहिल्या एकट्या रेघेआधीचा, म्हणजे घरमालक. सगळ्यात शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असलं, तर ते घर सरकारचं, कारण ते शेपूट सरकारी कार्यालयांशिवाय कोणाला देत नाहीत. तू गेली त्या पत्त्याचा शेवट काय?"

"अर्जसेवा डॉट ऑनलाइन."

"तो घरमालक. त्यानं दारावर सरकारची पाटी ठोकली एवढंच. आपल्या शेळीच्या गोठ्यावर मी कलेक्टर ऑफिस म्हणून पाटी लावली, तर शेळी का कलेक्टर होते?"

एरवी चैती खो खो हसली असती. आता तिची नजर काळ्या चौकटीवरून हलत नव्हती.

"आणि कुलूप?" तिने विचारलं.

"कुलूप खोटं नाही. त्याचा अर्थ इतकाच, की तुझं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाही. पण वाटेच्या शेवटी कोण बसला आहे, साव की चोर, ते कुलूप सांगत नाही. चोरालाही कुलूप मिळते."

"पण ती यादीत पहिली होती."

"वर दिसायची जागा भाड्यानं मिळते, पोरी. अन् त्यावर लिहिलं काय होतं?"

चैतीला लख्ख आठवलं. लाल अक्षरं लुकलुकत होती: शेवटचे काही तास! त्वरा करा, नाहीतर संधी गेली! ते वाचून तिचं काळीज धडधडलं होतं आणि मग पत्त्याकडे बघायचं भानच राहिलं नव्हतं. किडे टाकून पळणाऱ्या पक्ष्यांसारखीच तीही फसली होती.

चौकट अजून काळी होती. चैतीने आबाजींचा हात घट्ट धरला. आईने चावी सांगितली असेल तर? आत्ता, या क्षणी, तिथली हवा बंद होत असेल तर? ती मनातल्या मनात आईला हाका मारत होती आणि आपली हाक आईने ऐकू नये, असंही तिला वाटत होतं.

चौकटीत उजेड पडला.

आई होती. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"आई!" चैती ओरडली. आई नुसती बघत राहिली. काहीच बोलेना.  मग आईचे ओठ हलले.

"चैते! तू आहेस ना गं?"

चंद्र इतका लांब, की आपला शब्द तिथे पोहोचून उत्तर परत यायला अडीच सेकंद जातात. चैतीला हे पाठ होतं, तरी आज ते अडीच सेकंद संपता संपेनात.

"उशीर होतोय म्हणजे आईच ना, आबाजी?" ती कुजबुजली.

"उशिरावर भरवसा ठेवू नको. चोर उद्या गप्प बसायलाही शिकंल. आपण ठरावाच्या झाडाखाली भेटलो, म्हणून ती आई."

"तू रडत होतीस," आई सांगू लागली.  "मला कोंडून ठेवलंय म्हणालीस. आई, चावी सांग, लवकर सांग. मी अर्धी सांगितली, चैते. पुढचा शब्द ओठावर होता. पण तू सारखी लवकर, लवकर करत होतीस. एकदम आपलं रान आठवलं. तुझी आजी म्हणायची, हाक जितकी घाईची, तितकं झाडाकडे आधी पळायचं. मी फोन ठेवला आणि आधी चावी बदलून टाकली. मग इकडे आले."

चैती हमसून हमसून रडली. रडता रडताच म्हणाली, "तू मध्ये फोन केलास, तो आम्ही उचलला नाही. रागावू नकोस."

अडीच सेकंद गेले. मग आईच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"मी कुठं फोन केला?" ती म्हणाली.

आबाजींनी चैतीचा फोन उचलून पालथा ठेवला. 

त्याच दिवशी आबाजींनी सायबर पोलिसांना सगळं कळवलं. ती खोटी वेबसाइट बंद झाली. तशीच दुसरी निघाली, तीही बंद झाली. शब्दांची चावी बदलता येते, आवाज आणि चेहरा कसा बदलणार? चैतीचा आवाज चोरीला गेला तो गेलाच. मध्येच कधीतरी तिला भीती वाटे, की आपला गळा कुठेतरी लांब कुणीतरी वापरत असेल. आबाजी म्हणत, भीती वाटू दे, पण भिऊन पळायचं ते झाडाकडेच पळायचं. भिंतीवरच्या पत्त्यावर तिने नव्याने अर्ज केला. तिथे कुणी हसायला सांगितलं नाही, रडायला सांगितलं नाही आणि घाईही केली नाही. मोहफुलं संपून झाडांना नवी पालवी फुटली, तेव्हा परवाना हातात आला.

निघायच्या सकाळी चैती एकटीच घरात पिशवी भरत होती. फोन वाजला. फोन आबाजींचा होता, नंबर अनोळखी. तिने उचलून नुसता कानाला लावला.

"आबाजी, मी चैती. मला वाचवा, लवकर..."

तिला स्वतःचंच रडणं ऐकू आलं. पण तिने ओ दिली नाही. फोन बंद करून तिने नंबर पोलिसांसाठी हुप्प्याला टिपून ठेवायला सांगितला आणि पिशवीचा बंद आवळला.

"चैते! गाडी आली गं, लवकर ये!" बाहेरून आबाजींची हाक आली. रस्त्याच्या बाजूनेच आली.

चैती पायऱ्या उतरली. हाकेच्या दिशेने एक पाऊल टाकलं आणि थांबली. मग वळून ती परसातल्या मोहाकडे, त्यांच्या ठरावाच्या झाडाकडे धावत सुटली.

झाडाखाली, हाक मारून रस्त्यावरून धावत आलेले आबाजी धापा टाकत, हसत उभे होते.