लुकलुकणारा घाट

या, जवळ या. भैरवी संपली की माणसं चपला शोधायला लागतात, तसं आज करू नका. थोडं सरकून बसा. बुवा आख्यान लावतात ना, तसं मीही एक लावते तुमच्यासाठी... प्रेमाचं. पण आधीच सांगते, यात गोड बोलणं कमी आणि डाफरणं लय. क्रोध हा सहा वैऱ्यांतला एक, असं कीर्तनात कितीदा तरी ऐकलंय मी. पण या दोघांचा क्रोध पाहिला आणि वाटलं, याला वैरी म्हणावं तरी कसं?

गंगाखेडातल्या एका संगणक केंद्रात राजेश्री सकाळी टायपिंग शिकवायची. माणिकरावांची लेक. घरचा ऊस गोड, हिची जीभ तिखट. वर्ग सुटला की कोपऱ्यातल्या मशीनवर ती शहर वसवायचा एक खेळ खेळायची. रस्ते, दिवे, पाण्याची टाकी, सगळं आपल्याच हातानं उभं करायचं. त्यात तिनं गोदावरीचा घाट बांधला होता, काळ्या दगडाच्या पायऱ्यांचा. आणि तोच घाट आठवडाभर लुकलुकत होता. आत्ता पायऱ्या, क्षणात तिथं सपाट दगड, परत पायऱ्या... बघून डोकं उठावं असं.

तिनं ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला. सावल्या बंद केल्या. चित्राचा दर्जा कमी केला, तर गावातली घरं मातकट झाली आणि घाट आपला लुकलुकतोच आहे! शेवटी एका दुपारी मशीन उघडून ती पंख्यातली धूळ झाडत बसली, दात-ओठ खात.

"मुडद्या, तुझ्या पंख्याला आग लागो!"

"कुणाला शिव्या घालायलाव?"

दारात एक उंच पोरगा उभा. खांद्याला पिशवी, कपाळावर भंडाऱ्याचं बोट. हिशेबाचा वर्ग घेणारा हरिओम. एकाच खोलीत सकाळ-दुपार शिकवणारी ही दोघं, पण तोवर तोंडओळख नव्हती.

"दुपारचे सर का तुमी? फळा पुसून जायचं कळत न्हाई होय?"

"सकाळच्या मॅडम का? खुर्ची जागेवर ठेवायचं तुमालाबी कळत न्हाई."

तिनं रागानं मशीनचं झाकण लावलं आणि खेळ चालू केला. घाट परत लुकलुकला. हरिओम पुढं वाकला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे! हे तर माझं शहर!"

"तुमचं?"

"म्हंजे... वर्ग सुटल्यावर मीबी ह्याच मशीनवर खेळतो. मला वाटलं, हे खेळाबरोबर तयारच आलंय. मी फकस्त घाटावर उतार टाकला. पण तेव्हापासून तुमच्या त्या पायऱ्या मधीमधी डोकावायल्यात."

राजेश्री हळूच उठली. "म्हणजे आठवडाभर ज्या बिघाडाशी मी झगडले... तो बिघाड तुमी हाव?"

तो हसला. तिथंच चुकलं त्याचं.

"हसू नका! काढा तो उतार."

"आधी ऐका तर. दोन थर एकाच जागी, एकाच उंचीवर आलेत. कोणता वर दाखवावा हे मशीनला उमगंना. पंखा पुसून काय होणार? एकानं बोटभर खाली सरकायला पायजे."

"मग सरका तुमी."

"मीच कामून? पायऱ्या माणसांच्या सोयीच्या. मेंढरांनी पाण्यावर कुठून उतरायचं? माझी आई, केवळाबाई, कोकरू खांद्यावर घेऊन घाट उतरती. गुडघे गेलेत तिचे. तुमच्या गावात तिला वाट कुठाय?"

"हा खेळ आहे!"

"मग एवढा राग कामून?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिनं पाहिल्या, आणि पाहिल्या म्हणून आणखी चिडली.

मग रोजचंच झालं. वर्ग संपला तरी ती उठेना, वर्ग सुरू व्हायच्या कितीतरी आधी तो हजर. "सरका," ती म्हणायची. "सरकतो की... तुमच्या बाजूला," तो म्हणायचा. चहा अर्धा-अर्धा व्हायचा, भांडण मात्र पुरं. आणि घाट लुकलुकतच होता. दोघांनाही तो दुरुस्त करायची घाई राहिली नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

पण जिभेला लगाम कुठला? एका दुपारी वाद चढला आणि राजेश्री बोलून गेली, "मेंढरांमागं फिरणाऱ्यांनी घाट बांधायचे नसतात!"

खरं सांगते, इथं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. काय बोललीस गं बाई!

हरिओम उलट बोलला नाही. खाली बसला, आपला उतार काढून टाकला आणि पिशवी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी घाट स्थिर. एकही पायरी हलेना. फळाही लख्ख पुसलेला. केंद्रचालक बन्सीधरकाका म्हणाले, "हरिओम सरांनी मानवतचं केंद्र मागून घेतलं. आज दुपारच्या गाडीनं जायलेत."

राजेश्री त्या सुरेख घाटाकडं बघत राहिली. हेच हवं होतं ना? आता ती पायरीन् पायरी तिला टोचत होती. आधी स्वतःचा राग आला. मग त्याचा आला, न भांडता गेला म्हणून. तिनं मधल्या पायऱ्या फोडल्या, एकही खाली राहू दिली नाही, आणि मोकळ्या जागेत नदीपर्यंत रुंद उतार घातला. मग धावत एसटी स्टँड गाठला.

मानवतची गाडी लागलेली. तो खिडकीशी.

"उतरा खाली!"

"कामून?"

"माफी मागायला आलेय मी!" ती इतक्या जोरात ओरडली की आख्खी गाडी वळून बघायला लागली. "बोलले ते वाईट बोलले. त्याची मला लाज वाटते. पण तुमी गप्प निघून गेलात, ते त्याहून वाईट! भांडायचं होतं माझ्याशी!"

"भांडून काय झालं असतं?"

"तुमी राहिला असता..." तिनं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "सवय लावून ठेवलीत. आता कुणावर चिडू मी?"

हरिओमनं खिडकीचा गज घट्ट धरला. "राजेश्री... माणिकरावांना माझं नाव सांगशील? मेंढरंवाल्याचा पोरगा म्हणून?"

"आजच सांगते. चल सोबत."

"ते भडकले तर?"

"भडकणारच! मी कुणावर गेले वाटतं तुला?"

कंडक्टरनं घंटी मारली. हरिओम पिशवी घेऊन उतरला. "ओ सर, तिकीट फाडलंय!" मागून आवाज आला, पण ऐकतंय कोण? दोघं घराच्या वाटेला लागली होती, आधी कोण बोलणार यावर तावातावानं भांडत.

माणिकराव भडकले, ते सांगत नाही. भडकून थकले, एवढं सांगते.

आता उठाल, देवाला हात जोडाल, तेव्हा माझं एवढं ऐका. तुम्ही रागाच्या भरात कुणाला तरी टोचून बोलला असाल, आणि ते माणूस उलट न बोलता निघून गेलं असेल. त्याची आठवण करा... गाडी सुटायच्या आत.