पूर्ण नाव सांगा

जिन्याखालच्या नळापाशी उभा राहून एक तरुण पोह्याच्या चमच्यात खोकल्याचं औषध ओतत होता. चमचा शिगोशिग भरला. औषध काठावरून ओघळून मनगटावर आलं, ते त्यानं चाटलं, तोंड वाकडं केलं आणि निघाला बायकांच्या वॉर्डाकडे. नेमकी त्याच वेळी धनश्री कोळपे जिना उतरत होती.

"ओ! थांबा... कुणाला देताय हे?"

"आजीला. खोकल्याचं हाय. डॉक्टर म्हणाले, एक चमचा द्या."

"हा चमचा?"

"मग काय पळी दिसतीया का तुम्हाला?"

"पळीच आहे ती! डॉक्टरांचा चमचा म्हणजे पाच मिली. ह्यात दोन चमचे मावतील. बाटलीवर मापाचं झाकण होतं, ते कुठंय?"

तरुणानं डोकं खाजवलं. झाकण गाडीच्या डिकीत पडलं असावं, नाहीतर रस्त्यात.

धनश्री नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. केडगावची पोरगी, प्रॅक्टिकलसाठी शिरूरच्या या दुमजली हॉस्पिटलात आलेली, आणि आठवडाभर वरच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात होती. औषधाच्या बाबतीत कुणी अंदाजानं काही केलं की तिच्या डोक्यात सणक जायची. तिनं ट्रेमधला मापाचा छोटा प्लास्टिकचा पेला काढला, बाटली हलवली आणि पेला नळाच्या कट्ट्यावर ठेवला.

"हातात धरून ओतायचं नाही. सपाट जागी ठेवायचं, खाली वाकायचं आणि रेघ डोळ्यांसमोर आणायची. वरून बघितलं की माप खोटं दिसतं. वाका."

तो वाकला. पण वाकला तो पेल्याच्या पलीकडून. मधे तांबूस औषध, अलीकडे तिचे डोळे, पलीकडे त्याचे. बाहेर कडुलिंबाला मोहोर आला होता, त्याचा कडसर गोड वास जिन्याखालीही येत होता.

"दिसली का रेघ?"

"कुठली?"

"पाचची!"

"हां... ती बी दिसली."

धनश्री झटकन उभी राहिली. गालांवर काहीतरी गरम गरम आलं होतं. मार्चचं ऊन, दुसरं काय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"काय काम करता तुम्ही?"

"रांजणगावला कंपनीत हाय. क्वालिटीला. केसाएवढा फरक पडला तरी पार्ट रिजेक्ट करतो."

"लोखंडाला एवढं माप, आणि आजीला अंदाजपंचे दाहोदरसे?"

यावर गडी नळाकडेच बघू लागला. कान लाल झाले. मग तिलाच वाईट वाटलं आणि आवाज थोडा खाली आणून तिनं विचारलं, "नाव काय तुमचं?"

"पप्पू."

"पूर्ण नाव सांगा."

"औषध आजीला, आन् नाव माझं?"

"सवय आहे मला."

"माऊली सोपान शेंडगे. राहणार वडगाव रासाई. वय पंचवीस. लग्न अजून—"

"तेवढं नको!" असं म्हणून ती पळालीच. जिना चढायचा होता की उतरायचा होता, हे तिला वर पोहोचल्यावर आठवलं.

*

आता ही पूर्ण नावाची भानगड काय, ते सांगायला हवं. कॉलेजात पहिल्याच धड्याला शिकवलं होतं, औषध देण्याआधी माणूस तोच आहे ना, हे बघायचं. आणि नाव विचारायचं, आपण सांगायचं नाही. "तुम्ही सखूबाई ना?" असं विचारलं, की आजारानं दमलेली म्हातारी कशालाही "व्हय" म्हणते. धनश्रीनं हे असं मनावर घेतलं होतं, की समोरचा रोजचा ओळखीचा असला तरी तिचा प्रश्न ठरलेला. पूर्ण नाव सांगा. मग हातातला कागद बघणार, औषध बघणार, मात्रा बघणार, वेळ बघणार. वॉर्डातल्या पोरींनी तिचं नावच पंचनामा ठेवलं होतं.

सीमा सिस्टर दोन्ही वॉर्डांच्या इनचार्ज होत्या. मनानं प्रेमळ, पण कामाच्या रेट्यानं जीव मेटाकुटीला आलेला. त्यांनी त्याच संध्याकाळी बजावलं, "धनश्री, माणसं जेवायची खोळंबतात आणि तू नाव, गाव, कुळी विचारत बसतेस. उद्यापासून बायकांच्या वॉर्डात औषधाची फेरी तुझी. वेळेत झाली नाही, तर प्रॅक्टिकलच्या वहीवर मी सही करणार नाही. मग बस पुन्हा खालच्या वर्गातल्या पोरींबरोबर."

सही नाही म्हणजे वर्ष लांबलं. केडगावात बापानं पारावर सांगून ठेवलं होतं, पोरगी पुढच्या वर्षी पांढऱ्या कपड्यात नोकरीला लागणार. धनश्रीला रात्री धड घास गिळवला नाही.

सकाळी फाटकापाशी माऊली चहाचे दोन कप घेऊन उभा. एक सरळ तिच्यापुढं धरला.

"फीस हाय कालची. त्वांड का असं पडलंय?"

कुणी असं विचारलं की माणूस बोलून जातं. तिनं सगळं सांगितलं. माऊलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग न्हाई विचारलं नाव एखाद्या दिवशी, तर काय बिघडतं? फाईल असतीया की खाटंला."

"तुमच्या कंपनीत पेटीवर लिहिलंय म्हणून आतला पार्ट न बघता पास करता?"

"...न्हाई."

"मग?"

"तुमच्याशी वाद घालून काय उपेग न्हाई," तो हसत म्हणाला. "पर घालू वाटतोय, काय करू?"

तिनं चहा संपवला. चहा गोडमिट्ट होता. तिला फिका लागतो, पण ते तिनं सांगितलं नाही.

*

दुपारच्या जेवणाआधीची फेरी. वॉर्डात एकच पंखा धड चालत होता आणि त्याच्याखाली सहा नंबरची खाट. धनश्री आणि सीमा सिस्टर, दोघींनी मिळून इन्शुलिन भरलं होतं. सुई डोळ्यांसमोर धरून दोघींनी माप वाचलं होतं. सहा नंबरच्या फाईलवर नाव होतं कुशाबाई बिरू शेंडगे, साखरेचा आजार.

खाटेवर एक काटकुळी आजी पदरानं वारा घेत बसली होती.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"कुशाबाई."

"पुढं?"

"शेंडगे."

"आणि मधलं?"

आजीनं पदर तोंडाला लावला. "बया! मालकाचं नाव कसं घेऊ?"

"घ्या की आजी. नावानं काय होतंय? मी तर दिवसातून शंभर नावं घेते."

"तू घे. तुझा मालक न्हाई अजून."

शेजारच्या खाटेजवळून सीमा सिस्टरचा आवाज आला, "धनश्री! आवर. फाईलवर आहे नाव."

फाईलवर कुशाबाई, तोंडानं कुशाबाई. आडनावही तेच. मनगटावरची नावाची पट्टी आजीनं कधीच काढून टाकली होती, बांगड्यांत अडकते म्हणून. टोचायचं आणि पुढं जायचं, सोपं होतं. सही मिळाली असती. पण मधलं नाव राहत होतं आणि हातातलं औषध एकदा टोचलं की परत घेता येणारं नव्हतं.

"सिस्टर, एकच मिनिट," ती चाचरत म्हणाली आणि खाटेपाशी खाली वाकली. "आजी, तसं नको. उखाण्यात घ्या. माझ्यासाठी."

आजीचे डोळे लकाकले. उखाणा म्हटल्यावर सगळा वॉर्ड माना वळवून बघू लागला. आजीनं घसा खाकरला, खोकली आणि मग ठसक्यात म्हणाली,

"खांद्यावर घोंगडं, हातामंदी काठी,
म्हस्कूरावांचं नाव घेते, पोरी, तुझ्यासाठी!"

टाळ्या पडल्या. धनश्रीनं मात्र सुई मागं घेतली. फाईलवर बिरू होतं.

"म्हस्कू? बिरू नाही?"

"बिरू तिचा की गं!" आजीनं खिडकीजवळच्या आठ नंबरकडे बोट केलं. तिथं दुसरी एक गोल चेहऱ्याची आजी चादर गळ्यापर्यंत ओढून बसली होती. "ती बी कुशा, मी बी कुशा. तिला पंख्यानं हुडहुडी भरती, माझा जीव उकाड्यानं जातो. मंग सकाळी केली अदलाबदल. माझ्या नातवानंच हलवलं सामान."

सीमा सिस्टर दोन ढांगांत तिथं आल्या. फाईल बघितली, आठ नंबरची बघितली. म्हस्कूंच्या कुशाबाईला साखर नव्हतीच, छातीत कफ होता. सकाळपासून नुसत्या चहावर होती. त्या उपाशी अंगात हे इन्शुलिन गेलं असतं, तर साखर अशी उतरली असती की आजी बसल्या जागी कोसळली असती. सिस्टरनी धनश्रीच्या हातातली सुई हलकेच काढून घेतली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

दारात माऊली उभा होता, हातात धुतलेला डबा. त्यानं सगळं ऐकलं होतं. सामान त्यानं हलवलं, पिशव्या हलवल्या, तांब्या हलवला, पण फाईल जागच्या जागी ठेवली आणि सिस्टरांना उगाच कशाला त्रास, म्हणून सांगितलंही नाही.

*

संध्याकाळी तो नळापाशी बसला होता. नेहमीचा हसरा गडी, पण आज मान वर होईना.

"मीच मारली असती आजीला," तो म्हणाला. "आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. आन् मी तुम्हाला सकाळी म्हणतोय, काय बिघडतं..."

धनश्री शेजारी कट्ट्यावर टेकली. "नाही बिघडलं ना? मग झालं. आणि मलाही भीती वाटली होती. टोचूनच टाकत होते मी... जवळजवळ."

"पर न्हाई टोचलं."

"नाही."

मग माऊलीनं तिच्याकडे न बघता बोटं मोजायला सुरुवात केली.

"ते तुमचं काय असतं... माणूस बरोबर, औषध बरोबर, माप बरोबर..."

"तोंडानं की सुईनं, तो मार्ग बरोबर, वेळ बरोबर. का?"

"माझं बी चेक करा की." त्याचा आवाज घोगरा झाला. "माणूस बरोबर हाय, एवढं मला कळलंय. पेल्यातनं बघितलं तवाच कळलं. बाकीचं मला न्हाई कळत. मला तुम्ही आवडता, धनश्री. लई आवडता."

तिला वाटलं, आता छातीचे ठोके वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाणार. इतका आनंद झाला होता तिला, की हसावं की रडावं कळेना.

"वेळ बरोबर नाही ही," ती कशीबशी म्हणाली. "ड्युटीवर आहे मी."

"मंग कवा?"

"सांगीन... विचारल्या विचारल्या नाही सांगत कुणी."

*

आजीला सोडायचा दिवस उगवला. घरी औषध कसं द्यायचं, ते धनश्रीनं माऊलीला समजावलं. नवं मापाचं झाकण दिलं, त्यानं ते वाकून, एक डोळा मिटून, पाचच्या रेघेला भरून दाखवलं. टेबलामागं सीमा सिस्टर कागद पुरा करत होत्या. धनश्रीची सही त्यांनी सकाळीच करून टाकली होती, वर कॉलेजच्या मॅडमना फोनही केला होता.

"घरचं कोण आहे? औषध कुणाला समजावलंस?" त्यांनी विचारलं. "नाव सांग."

धनश्रीनं तोंड उघडलं.

आणि नाव येईना! जिभेवर होतं. काल रात्री उशीत तोंड खुपसून दहा वेळा घेतलं होतं. पण आता चारचौघांत, त्याच्यादेखत, ते ओठाबाहेर पडायला तयारच होईना. तिनं ट्रे उचलला, पुन्हा ठेवला. "ते... आजींचे नातू."

"नाव, धनश्री."

"ते... हे..."

कुशाबाई खाटेवरून उतरून चपला शोधत होती. ती थांबली. तिनं पोरीच्या लाल झालेल्या तोंडाकडे बघितलं, मग नातवाकडे, आणि मांडीवर थाप मारली.

"आलं का ध्यानात, नावानं काय होतंय ते? शंभर नावं घेत हुती म्हणं! पप्प्या, अरं खुळ्या, बघतोस काय? मला सांगितलंस ना, त्याचं उत्तर दिलं की पोरीनं!"

माऊलीच्या हातातलं झाकण कलंडलं, पाच मिली औषध बुटावर सांडलं. तो बघतच राहिला.

"कुणाची गं तू? केडगावच्या कोळप्यांची ना? येते मी तुझ्या बापाकडं, खोकला ऱ्हाऊ दे बाजूला. नाव कसं घ्यायचं ते तूच शिकवलंस मला. घे!"

"घे, घे!" आठ नंबरची कुशाबाईही ओरडली. धनश्रीनं दोन्ही हातांनी ट्रे छातीशी धरला, डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं,

"औषधाचं माप नेमकं, घाई नको फार,
माऊलीरावांचं नाव घेते, सिस्टर साक्षीदार!"

वॉर्डात एकच हलकल्लोळ उडाला. फक्त सीमा सिस्टर पेन धरून तशाच बसल्या होत्या, चेहरा अगदी कडक.

"राव-बिव कागदावर चालत नाही," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव सांग."

धनश्रीनं ट्रेमागं तोंड लपवलं. तेव्हा माऊली पुढं झाला आणि तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"ज्याचं त्यानंच सांगायचं असतं न्हवं, सिस्टर? लिवा. माऊली सोपान शेंडगे." मग ट्रेच्या काठावरून डोकावणाऱ्या दोन डोळ्यांकडे वाकून बघत तो हळूच म्हणाला, "वय पंचवीस. लग्न... ठरलं."

या खेपेला तिनं "तेवढं नको" म्हटलं नाही.