अगदी उसाच्या रसासारखा

इंदूरच्या स्नेहलतागंजात आमच्या गॅलरीखालून कोणी पांढरा शर्ट घालून गेलं, की मला अजून हसू फुटतं. त्या दिवशीचा शर्टही पांढराच होता... मी तो हिरवा केला.

जानेवारीतली सकाळ. माझी दुसरी केमो होऊन चार दिवस झाले होते. समोरच्या शोभनाकाकू नुकत्याच एक पेला देऊन गेल्या होत्या — गव्हाच्या कोवळ्या ज्वाऱ्यांचा रस. आई स्वयंपाकघरात आहे असं बघून मी तो सरळ गॅलरीतून खाली ओतला.

"अहो!" खालून आवाज आला.

वाकून बघते तर बाइकपाशी एक उंचेला मुलगा, खांद्यापासून खिशापर्यंत हिरवागार.

"काय भिया, वर बघता नाही येत?" चूक माझीच, पण ज्याला त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारी इंदूरची मुलगी अशी थोडीच हार मानते!

"वर बघितलं असतं तर तोंडात पडलं असतं." ओठावर उडालेला थेंब त्यानं चाखला आणि थबकला. "हा काकूंचा रस ना? रोज पहाटे माझ्या दारासमोरच कापतात हे ज्वारे."

मेले! हा तर काकूंच्या गच्चीवरच्या खोलीतला नवा भाडेकरू. ऋग्वेद, साताऱ्याचा, विजय नगरातल्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला. त्या थेंबानं त्याचं तोंड कसं झालं, ते मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं. पण मी हात जोडत होते — काकूंना सांगू नका!

दुसऱ्या दिवशी पेला घेऊन तोच दारात. काकूंचे गुडघे दुखत होते म्हणे.

"डॉक्टरांनी कच्चं काही पिऊ नको म्हटलंय," मी कुजबुजले. "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात माझ्या."

"मग काकूंना सांगून टाका ना."

"कसं सांगू? काका कॅन्सरनंच गेले. तेव्हा सगळ्यांनी काकूंना 'तुम्ही फक्त देवाजवळ बसा' म्हणून बसवून ठेवलं. आता त्या माझ्यासाठी गच्चीभर गहू पेरून राहिल्यात. त्यांचे हात नका ना थांबवू..."

तो जिन्याकडे वळला आणि पेला एका दमात रिकामा केला.

"कसा आहे?"

"उसाच्या रसासारखा. गोड."

मग रोज हेच. मी दारात खुर्चीवर, तो चार पायऱ्या खाली. एक पेला, दहा मिनिटं गप्पा. काकू आजही गल्लीभर सांगतात, पोरगी माझ्या रसानं बरी झाली. मी कधी खोडून काढलं नाही.

त्या दिवसांत आमच्या घरी 'कॅन्सर' हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. आई फोनवर म्हणायची, "तिला ते झालंय ना." ते! शाळेपासूनची मैत्रीण पलक भेटायला आली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. भोपाळचं एक स्थळ चाललं होतं, तेही चिडीचूप. आणि हा मुलगा सरळ विचारायचा, "केस गेल्यावर डोक्याला थंडी वाजते का हो?"

"वाजते," मी म्हटलं. "आणि... भीती पण वाटते." पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं ते.

'सगळं ठीक होईल' असं तो म्हणाला नाही. "जास्त कशाची वाटते?"

"मरायची वाटतेच. पण जास्त याची, की बरी झाले तरी लोक मला जन्मभर बिचारीच म्हणणार."

"बिचारी कसली? बिचारा मी. ऑफिसात सगळे विचारतात, दात हिरवे का?"

किती दिवसांनी हसले होते मी!

"एक सांगू? मला भिया नका म्हणू."

"इथे पोहेवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे भियाच असतात."

"मला त्या सगळ्यांत नाही बसायचं..."

मी डोक्यावरचा स्कार्फ उगाच नीट केला. नीटच होता तो.

मे महिन्यात रिपोर्ट साफ आले. दुसऱ्याच दिवशी तो पेला हातात धरून म्हणाला, "अरुंधती, माझी पुण्याला बदली करताहेत. नको म्हणालो तर रद्द होईल. काय सांगू त्यांना?"

काय विचारतोय ते मला चांगलं कळलं. त्याला थांबवावंसं वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली.

"जा ना भिया," मी म्हटलं. "पाच वर्षं गेल्याशिवाय डॉक्टर पक्कं काही सांगत नाहीत. आणि दया येऊन कोणी थांबलेलं मला नकोय."

"दया?" तो एवढंच म्हणाला. भरलेला पेला पायरीवर ठेवून उतरून गेला. चार महिन्यांत पहिल्यांदाच न पिता.

मी पेला उचलला. आता डॉक्टरांची मनाई नव्हती. म्हटलं, काकूंचे कष्ट वाया कशाला घालवा... आणि एक घोट घेतला.

अग आई गं! गवत! कडवट, तुरट, ओलं गवत, वरून मातीचा वास. डोळ्यांत पाणी आलं. दयेनं माणूस एक दिवस पिईल, दोन दिवस पिईल. हा चार महिने रोज प्यायला होता, तोंड वाकडं न करता. आणि वर म्हणायचा, गोड आहे!

मी पेला हातात घेऊनच गॅलरीकडे धावले. स्कार्फ वाटेतच सुटला. सुटू दे! डोक्यावर बोटभरसुद्धा केस नव्हते, खाली भाजीवाल्याभोवती अर्धी गल्ली उभी होती, आणि तो बाइकला किक मारत होता.

"ऋग्वेद!"

भाजीवाल्यासकट सगळ्यांनी वर पाहिलं. त्यानंही.

"खोटारड्या! हा उसाचा रस आहे?"

त्यानं आधी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि हळूच दोन पावलं मागं सरकला.

"पांढरा शर्ट आहे," तो म्हणाला. "ओतणार नाहीस ना?"

"वर ये," मी म्हटलं. रडत होते की हसत होते, कोण जाणे. "अर्धा तू, अर्धा मी."