हमामखान्यातली हाक

भाऊ, माणसानं विश्वास कुणावर ठेवावा, कानावर की रीतीवर? माझा धंदा कापडाचा; कापड असतं तर बोटांत धरून खरं-खोटं सांगितलं असतं. इथं माझी अक्कल चालत नाही.

आमच्या सिंधीपुऱ्यातले गिरधरशेठ. इंग्रज सरकारनं तापीकाठचा बादशाही महाल रविवारी लोकांना खुला केला, तेव्हा सगळं बुऱ्हाणपूर नटूनथटून गेलं. गिरधरशेठ एकटेच गेले. त्यांची बायको सरू घाटावर धुणं धुताना वर महालाकडं बघायची. "राणी न्हायची ती जागा एकदा दाखवा ना," म्हणायची. दरवाजे उघडले तेव्हा सरूच उरली नव्हती; तापानं गेली होती.

मोठी रीतीची बाई! लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी ओठावर आणलं नाही. भजनात 'गिरधर' आला की ही 'डोंगरवाला' म्हणायची. बायका टाळ सोडून हसायच्या.

दिवस कलला. माणसं पांगली. गिरधरशेठ हमामखान्यात, राणीच्या न्हाणीघरात, रेंगाळले. चौकीदार देवरामनं बजावलं होतं, "कमानीपल्याड जाऊ नका शेठ. फरशी खचली, खाली सीधी नदी." हौद कोरडा ठणठणीत. तरी हळूहळू वास आला... शिकेकाईचा, ओल्या केसांचा.

"बघ सरू," ते पुटपुटले, "हीच ती जागा."

"गिरधर..."

कमानीपलीकडून. सरूचाच आवाज, तापानं घोगरा झालेला.

"सरू? कुठं आहेस गं?" पाय आपसूक निघाले.

"गिरधर... ये ना."

कमानीखाली आले आणि पाऊल थांबलं. सरू नाव घेईल? अरे-तुरे करील?

"तू... ती नाहीस," म्हणून ते वळले.

मागून हलकं हसू ऐकू आलं. "मेल्यावर कसली रीत हो? जन्मभर मनात दाबलं... एकदा तोंडभर नाव घ्यावं म्हटलं."

शेठ कमानीच्या उंबऱ्यातच थिजले. ना आत, ना बाहेर.

"शेठ, वखत झाला!" देवरामनं दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. "आत कोणी राहिलं का?"

शेठ मागं कमानीकडं बघत राहिले. कुलूप लागल्यावर तोंड पुसायला उपरणं ओढलं, तर मागचं टोक ओलंचिंब. कुणी मुठीत घट्ट धरून ठेवल्यासारखं चुरगळलेलं.

ती सरू नसेल, तर शेठचा जीव वाचला. असेल, तर तिला अंधारात टाकून आले. दोन्ही बाजू तुमच्यापुढं मांडल्या, भाऊ. हिशेब तुम्ही करा. पण शेठची दया येऊन त्यांच्या बाजूला काही खोटं मांडू नका.